तांब्यावर उमटलेला वकील

पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी धन्याची बाजू मांडणारा. इंग्रजांचा असा वकील चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुण्यात आला आणि 1790 मध्ये सवाई माधवरावांशी त्याने टिपूविरुद्धचा तह केला. त्या दरबाराचे चित्र जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने 1805 साली पुरे केले. 1807 मध्ये चार्ल्स टर्नरने ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवले, आणि वकिलाचा चेहरा कागदावर पुन्हापुन्हा छापता येऊ लागला. ही विद्या चित्रकारांची, असे आपण धरून चालतो. माझ्या मते तिचे कूळ सोनार-तांबटांच्या घरचे आहे. नुरेंबर्गच्या पिर्कहाइमरचा चेहरा 1524 मध्ये तांब्यावर कोरणारा ड्यूरर सोनाराचा मुलगा, आणि आधी बापाचेच काम शिकलेला. रेघ खोदायची, खाचेत शाई भरायची, पत्रा वरून पुसून घ्यायचा, मग ओलसर कागद दाबून खाचेतली शाई उचलायची. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. लग्नातल्या पितळी गुंडावर घातलेल्या नावावरून बोट फिरवा, निम्मी कृती तिथेच कळते.

कोणी म्हणेल, भांड्यावरचे नाव किंवा ताम्रपटावरचे दान सुलटे कोरतात, छापायला तर अक्षर उलटे लागते. खरे आहे, पण राजमुद्रा उलटीच कोरावी लागते, आणि शिक्के घडवणारे हात इथे शतकानुशतके होते. शिवाय पुरावा मिरजेत आहे. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात तांब्यावर नागरी अक्षरे कोरून गीता छापण्याचा खटाटोप सुरू झाला. 1800 मध्ये नाना गेले. पुढे ती अक्षरे कोरणारा कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि 1805 साली गीता छापून झाली. मग चेहरे का नाही छापले? हात तर चित्रालाही तयार होता. वेल्सच्या हाताखाली काम केलेला पुण्याचा गुणी चित्रकार गंगाराम तांबट तर आडनावानेच तांबट. मला वाटते, अडले ते गिऱ्हाइकापाशी. लंडनमध्ये दूरच्या दरबाराचे छापील चित्र विकत घेणारे लोक होते. पुणे दरबाराला तहाची शिक्कामोर्तब झालेली एक प्रत पुरत होती. गीतेचे तसे नव्हते, ती घरोघरी लागे. म्हणून आपल्याकडे तांब्यावरून कागदावर आधी पोथी उतरली, टर्नरच्या मॅलेटच्या दोन वर्षे आधी. टर्नरच्या त्या चित्रातल्या दरबारात नानाही बसलेले आहेत.