माळ्यावरचा रुमाल

दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या माळ्यावरून दरवर्षी एक रुमाल खाली येई. रुमाल म्हणजे मोडी कागदांचे लाल फडक्यातले बासन. काका विचारीत, "हे बंबात घालू का?" आजी म्हणे, "राहू दे रे, वाडवडिलांचे हात लागलेत त्याला." वाचता कोणालाच येत नसे, पण आख्यायिका पक्की होती. धाता सालच्या दुष्काळात, म्हणजे १८७६ साली, आमच्या खापरपणजोबांनी अर्ध्या गावाला जोंधळे पुरविले, त्याचा तो हिशेब. पुढे एका वर्षी आजी पंढरपुरास गेली आणि अर्धा रुमाल बंबात गेलाच.

हा बंब इतिहासाचार्य राजवाड्यांच्या चांगला ओळखीचा. वाण्याच्या पुड्यांत आणि उंदरांच्या बिळांत मराठ्यांचा इतिहास नाहीसा होतो आहे, हे पाहून हा मनुष्य गावोगाव पायपीट करीत हिंडला. लोक संशयाने दप्तर दाखवीत नसत; वतनाचा कागद दुसऱ्याच्या हाती कोण देईल? त्यातूनही त्यांनी साधनांचे २२ खंड छापले. पण एकट्याने किती वेचावे? ७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळ्यांसह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे त्यांचे मंडळाशी पटले नाही, ते धुळ्यास गेले आणि १९२६ साली तेथेच वारले. मंडळ मात्र टिकले. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे अशा माणसांनी त्यात आयुष्ये घातली. लाखो कागद जमले, त्रैमासिक निघाले, शिवचरित्राची साधने छापली गेली.

हे सारे थोर खरेच. मला मात्र मंडळाचे मोठे उपकार वाटतात ते मोडीच्या वर्गाचे. शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांच्या अक्षरापुढे निरक्षर झालो. पोटासाठी पुण्यात मास्तर झालो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या त्या वर्गात मी विद्यार्थी म्हणून बसलो. शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ होते आणि जमिनीच्या कागदासाठी आलेला एक शेतकरी. मोडीत आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरे टांगायची. वेलांटी एकच, उकार एकच! शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्याला हेवा वाटावा असे राज्य.

उरलेला रुमाल मी सुटीत सोडला. शके १७९८, जोंधळे, पायल्या, सारे जुळत गेले. पुढचा शब्द 'दिले' असावा अशी माझी फार इच्छा होती. चार वेळा पाहिला. 'घेतले' असाच होता. खाली नाव होते ते आमच्या समोरच्या आळीतल्या घराण्याचे. ज्यांना आमच्या घरात कोणी कधी बरोबरीने बसविले नाही, त्यांचे.

फेडल्याची नोंद काही सापडली नाही.

मी काकांना वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फेडले असणारच. आपले घराणे काही तसले नव्हे."

"असेल काका. पण तो कागद?"

काकांनी बंबाकडे पाहिले नाही. "फराळाचे ताट कर," ते काकूला म्हणाले, "समोर मीच देऊन येतो."