जीपच्या पोटांतील तेल

साध्या मोटारीचीं दोनच चाकें गाडी चालवितात आणि उरलेलीं दोन नुसतीं बरोबर फिरतात, ही गोष्ट शहराच्या डांबरी रस्त्यावर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पावसाळ्यांत गाडी कच्च्या वाटेस लागली आणि मागचीं चाकें चिखलांत जागच्या जागीं गरगरूं लागलीं, म्हणजे ती एकाएकीं ध्यानांत येते. चारहि चाकांना शक्ति पोंचवावी हा विचार तसा जुना आहे. इंग्लंडांत ब्रामा जोसेफ डिप्लॉक यानें १८९३ सालीं वाफेच्या ओढगाडीसाठीं तसें पेटंट घेतलें, आणि हॉलंडच्या स्पायकर कारखान्यानें १९०३ सालीं चारहि चाकांनीं चालणारी पेट्रोलची मोटार तयार केली.

परंतु शक्तीचे दोन वाटे करावयाचे, तर वाटणी करणारा कोणी तरी मध्यें हवा. गिअर बॉक्सकडून आलेली गति घेऊन ती एका दांड्यानें मागच्या व दुसऱ्या दांड्यानें पुढच्या चाकांकडे धाडणारी लोखंडी पेटी, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. या पेटीचा आणि तींतील तेलाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

अमेरिकेच्या सैन्यानें जुलै १९४० मध्यें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारहि चाकांनीं चालणाऱ्या गाडीची मागणी केली. पहिला नमुना हजर करण्यास मुदत होती अवघी ४९ दिवसांची! पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या बँटम या लहानशा कंपनीनें ती अट पत्करली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें आराखडा काढला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी बाल्टिमोर येथील होलाबर्डच्या लष्करी तळावर दाखल झाली. पुढें मोठ्या प्रमाणावर तिची बांधणी विलीज-ओव्हरलँड व फोर्ड यांजकडे गेली, आणि त्या दोघांनीं मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्यांतील ट्रान्स्फर केस स्पायसर कंपनीच्या ‘मॉडेल १८’ या घडणीची होती. तिला दोन लहान दांडे असत. एकानें पुढचीं चाकें कामास जुंपावयाचीं, दुसऱ्यानें वेग निम्म्यावर आणून ओढ जवळजवळ दुप्पट करावयाची.

एवढें काम करणाऱ्या या पेटींत तेल मावे तें दीड क्वार्ट, म्हणजे सुमारें १·४ लिटर. इंजिनाच्या तेलासारखी त्याची कोणी रोज विचारपूस करीत नसे. पण दाते एकमेकांवर घासून धातूचा बारीक कीस त्यांत उतरे, आणि खोल ओढा ओलांडला कीं सांध्यांतून पाणी आंत शिरे. पाणी मिसळलेलें तेल ताकासारखें पांढुरकें होतें. तें दात्यांवर टिकत नाहीं, बेअरिंगें गंजतात, आणि एके दिवशीं नेमक्या चढावावर गाडी दगा देते. शिवाय जीपचा हातब्रेक याच पेटीच्या पाठीशीं बसविलेला होता. तेल अडविणारी चकती झिजली तर ठिबकणारें तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर येई, आणि उतारावर उभी केलेली गाडी आपण होऊन निघे.

सैन्यापुढें खरा प्रश्न होता तो हाच. गाड्या लाखांनीं बांधतां येतात, परंतु त्यांची निगा राखणारे हात तितक्या झपाट्यानें कोठून आणावयाचे? नवख्या शिपायास जाड नियमपुस्तक वाचवत नसे. म्हणून ‘आर्मी मोटर्स’ या लष्करी मासिकानें चित्रांचा आश्रय केला. विल आइस्नर या चित्रकारानें ‘जो डोप’ नांवाचा एक वेंधळा शिपाई निर्माण केला, आणि त्याच्या फजित्या पाहतां पाहतां सैनिक निगेचे धडे शिकूं लागले.

तेल बदलण्याचा विधि साधाच आहे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावें, म्हणजे गाळ त्याबरोबर वाहून येतो. गाडी सपाट जागीं उभी करावी. आधीं वरचें, भरण्याचें बूच उघडून पाहावें व मगच खालचें काढावें. कारण तेल सांडून गेल्यावर वरचें बूच अडून बसलें, तर गाडी तेथेंच खिळली! निघालेलें तेल बोटांवर घेऊन पाहावें. बारीक भुकटी झीज दाखविते, पण धातूचे तुकडे मोडतोड सांगतात. नवें तेल भरण्याच्या भोंकाच्या कडेशीं येईपर्यंत घालावें. जुन्या जीपमध्यें गिअर बॉक्स व ही पेटी शेजारी असून एकीचें तेल दुसरींत जाऊं शकतें. यास्तव दोहोंचें तेल एकाच वेळीं बदलणें श्रेयस्कर.

युद्धानंतर ही गाडी आपल्या मुंबईसहि आली. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व १९४८ पासून ‘महिंद्र अँड महिंद्र’ हें नांव धारण करणाऱ्या कंपनीनें विलीजच्या परवान्यानें येथें जीपची जुळणी आरंभिली. पेटीचें रूपहि पुढें पालटलें. १९७३ च्या सुमारास अमेरिकन जीपमध्यें ‘क्वाड्रा-ट्रॅक’ ही साखळीनें गति वाहणारी पेटी आली आणि तिला निराळें, खास तेल लागूं लागलें. त्यानंतरच्या अनेक पेट्यांत तर जाड गिअर ऑइलऐवजीं स्वयंचलित गिअर बॉक्सचें पातळ तेल घालतात. तेव्हां एका गाडीचा अनुभव दुसरीस लावूं नये. तिच्या नियमपुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें.

युद्धकाळांतील कित्येक जीप आज ऐंशी वर्षांनंतरहि रस्त्यावर धांवतात. त्यांचा आराखडा ४९ दिवसांत उभा राहिला खरा. पण त्या आजवर टिकल्या त्याचें श्रेय, वेळोवेळीं गाडीखालीं निजून बूच उघडणाऱ्या आणि बोटांवर तेल घेऊन पाहणाऱ्या अनामिक माणसांकडे जातें.