डिजिटलीकरणाचे मोजमाप : एका मापदंडाचा इतिहास

राष्ट्रांच्या प्रगतीची तुलना करताना आपण कोष्टकातील अनुक्रमांक पाहतो. ते कोष्टक कोणत्या मापाने तयार झाले, हे क्वचितच विचारतो. डिजिटलीकरणाच्या बाबतीत हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण येथे मोजावयाची वस्तू आणि मोजण्याचे माप ही दोन्ही सतत बदलत आली आहेत.

प्रारंभीचे प्रयत्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंगाने झाले. फ्रिट्झ माख्लुप यांनी १९६२ साली अमेरिकेतील ज्ञानोत्पादनाचा हिशेब मांडला. मार्क पोराट यांनी १९७७ मध्ये माहिती-व्यवहाराचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा काढला. अशा हिशेबास तपशीलवार आकडेवारी लागते. त्यामुळे देशोदेशींच्या तुलनेसाठी साधनांची गणतीच सोयीची ठरली. एकट्या टोकिओत सबंध आफ्रिका खंडाहून अधिक दूरध्वनी आहेत, हे मेटलंड आयोगाने १९८४ मध्ये दाखविले, ते याच रीतीने.

पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००३ मध्ये १७८ अर्थव्यवस्थांचा निर्देशांक काढला. २००९ पासूनच्या त्याच्या नव्या निर्देशांकात उपलब्धता व वापर यांना प्रत्येकी ४० टक्के, तर कौशल्यास २० टक्के भार होता. तथापि कौशल्याऐवजी प्रत्यक्षात शालेय व उच्च शिक्षणाचेच आकडे घेतले जात. दर शंभर लोकांमागे जोडण्या मोजल्या जात असल्याने एकाच माणसाच्या दोन जोडण्या दोन ठरत. घरातील संगणक आणि तारेचा दूरध्वनी हेही त्यात घटक होते. २०१७ साली १७६ अर्थव्यवस्थांत आइसलँड पहिला, तर भारत १३४ वा आला. ज्या देशात असंख्य लोकांना इंटरनेटची पहिली ओळख मोबाइलवरच झाली, त्याला हे माप कितपत न्याय देणारे होते, हे विचारणे अप्रस्तुत नव्हे.

त्यानंतर ही मालिका खंडित झाली. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा तारेचा दूरध्वनी, घरगुती संगणक व शिक्षणाचे आकडे गळाले होते. जोडणी सर्वांपर्यंत पोहोचते काय व ती खरोखर उपयोगी पडते काय, हा निकष पुढे आला. तेव्हा २०१७ व २०२३ चे गुणांक एका रेषेत जोडून प्रगतीचा आलेख काढणे हे शास्त्रशुद्ध नव्हे.

हा वाद केवळ संख्याशास्त्रज्ञांचा नाही. शासने अनुक्रमांक पाहून धोरण आखू लागली, की जे मोजले जाते तेच वाढविण्याकडे कल होतो. आणि सरासरीत लोपलेले खेडे व शहर, स्त्री व पुरुष यांमधील अंतर तसेच राहते. म्हणूनच निर्देशांक वाचण्यापूर्वी त्याचा इतिहास वाचणे अगत्याचे होय.