पाच सेंटांचा पाहुणचार

११ जून १९३९ रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हाइड पार्क येथील निवासस्थानी वनभोजनास गेले. तेथे त्यांच्या पानात इतर पदार्थांबरोबर हॉट डॉगही वाढण्यात आला. हातगाडीवर विकला जाणारा हा पदार्थ राजापुढे ठेवावा की नाही, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. अमेरिकेने अभिमानाने पुढे केलेले हे अन्न मूळचे परक्यांचे होते, ही त्यातील खरी मौज.

लांबट मऊ पावाला मधोमध चीर द्यावयाची आणि तीत उकडलेले वा भाजलेले सॉसेज ठेवावयाचे, एवढीच याची कृती. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषिक लोक अमेरिकेत आले, त्यांनी ते आपल्याबरोबर आणले. फ्रँकफुर्टर आणि वीनर ही त्याची जुनी नावे फ्रँकफुर्ट व व्हिएन्ना या नगरांवरून पडली. आतले मांस कुत्र्याचे तर नसेल, अशी थट्टा पुढे रूढ झाली आणि १८९० नंतरच्या दशकात येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘हॉट डॉग’ हे नाव आढळू लागले.

न्यू यॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रतीरावर चार्ल्स फेल्टमन या जर्मन गृहस्थाने त्याचा व्यापार वाढविला. त्याच्याच उपाहारगृहात नोकरी केलेल्या नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या तरुणाने १९१६ मध्ये स्वतःचे दुकान मांडले आणि दहा सेंटांचा पदार्थ पाच सेंटांना विकला. न्यू यॉर्कचा माणूस गाडीपाशी उभ्याउभ्याच मोहरीची चटणी आणि आंबवलेली कोबी घालून तो खातो. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांचा द्वेष इतका वाढला, की या कोबीला ‘स्वातंत्र्य-कोबी’ म्हणण्याची टूम निघाली. नाव बदलले; खाणे कोणी सोडले नाही.

शिकागोत १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघा ज्यू तरुणांनी केवळ गोमांसाचे सॉसेज विकले. ज्यू धर्माला डुकराचे मांस वर्ज्य असल्याने तेथे तीच रीत पडली. खसखस लावलेला पाव, मोहरी, हिरवे गोडसर लोणचे, कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेली काकडी, लहान मिरच्या आणि वर सेलरीचे मीठ, असा तेथील थाट असतो. १९२९ नंतरच्या महामंदीत पाच सेंटांत भाजीपाल्यासह पोट भरत असे, म्हणून गरिबांना त्याचा मोठा आधार वाटला. त्यावर टोमॅटो केचप मागणाऱ्याकडे शिकागोकर आजही नापसंतीने पाहतात.

डेट्रॉइटला हे काम ग्रीकांनी केले. त्यांनी सॉसेजवर खिम्याचा मसालेदार रस्सा, मोहरी व बारीक चिरलेला कांदा घालून त्याला ‘कोनी’ म्हटले. नाव न्यू यॉर्कच्या किनाऱ्याचे, पदार्थ मात्र डेट्रॉइटचा. तेथे भिंतीला भिंत लागून असलेली अशी दोन दुकाने आहेत आणि एकाचे गिऱ्हाईक सहसा दुसऱ्याची पायरी चढत नाही. १९२४ च्या कायद्याने ग्रीसमधून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला अवघ्या १०० माणसांवर आणली. देशाचे दार असे जवळजवळ मिटले गेले, तरी त्या ग्रीकांच्या दुकानांतली गर्दी ओसरली नाही.

दक्षिणेकडे ॲरिझोनातील टूसॉन येथे सॉसेजला डुकराच्या मांसाची खारवलेली पातळ पट्टी गुंडाळतात आणि वर शिजवलेला घेवडा, टोमॅटो, कांदा, मेयोनेज व मिरचीची चटणी घालतात. सोबत भाजलेली मिरचीही असते. ही तऱ्हा सीमेपलीकडच्या मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातून आली. २०१८ मध्ये तेथील ‘एल ग्वेरो कानेलो’ या उपाहारगृहाला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने सन्मानित केले.

या सर्व नगरांत एकच क्रम दिसतो. नवागत माणूस आपल्या घरची चव स्वस्त पावात भरतो, गावातला कामकरी ती पाच सेंटांना विकत घेतो, आणि दोन पिढ्यांनंतर तीच त्या गावाची पूर्वापार रीत ठरते. केचपावरून हट्टाने भांडणाऱ्या शिकागोकराला आपण कोणाची परंपरा राखतो आहोत, याचे स्मरण क्वचितच असते. आलेल्या माणसाला गाव पुष्कळदा उशिरा आपले म्हणते. त्याच्या हातचे अन्न मात्र त्याच्या कितीतरी आधी गावचे होऊन गेलेले असते.