पाझर तलाव : सरकार, संस्था आणि गाव

बारामती व इंदापूर हे तालुके शेजारी-शेजारी असले, तरी पाण्याच्या दृष्टीने या मुलखाचे दोन निराळे भाग पडतात. १८८० नंतरच्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला आणि त्याच्या खालची गावे बागायती झाली. वरच्या अंगाची गावे मात्र जिरायतच राहिली. तेथे पाणी कसे आले, हा इतिहास आपल्या ज्ञातिबांधवांच्या मुलाबाळांस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९६० नंतरच्या दशकातील अवर्षणकाळी ‘कासा’ या ख्रिस्ती मदतसंस्थेकडून बारामती भागात गहू व तेल येऊ लागले. नुसते धान्य वाटण्यापेक्षा त्याच्या मोबदल्यात गावकऱ्यांनी तलाव बांधावेत, असा विचार पुढे आला. १९६७ साली बारामतीतून विधानसभेवर निवडून गेलेले श्री. शरद पवार व त्यांचे बंधू कै. अप्पासाहेब पवार यांनी या कामी पुढाकार घेतला. तांदुळवाडीसारख्या गावी तलाव झाले, आणि १९७१ साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था उभी राहिली.

पाझर तलावातून पाट निघत नाही. ओढ्यावर मातीचा भराव घालून पाणी अडवावयाचे, जास्तीचे सांडव्यावाटे सोडावयाचे, आणि उरलेले जमिनीत मुरू द्यावयाचे. खालच्या विहिरींस त्याचा लाभ होतो.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आम्ही त्या वेळी शाळकरी होतो. आमच्या मातोश्री भरावाच्या कामावर डोकीवरून माती वाहत, आणि कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आम्हांसाठी आणीत. कै. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पूर्वी जे दानाच्या धान्यावर चालत असे, ते आता मजुराचा हक्क झाले. हा फरक लहान नव्हे.

१९९२ साली बारामतीस कृषि विज्ञान केंद्र सुरू झाले. पैसा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचा व कारभार सदर ट्रस्टचा, अशी त्याची घडण आहे.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या तलावावर आमच्या मातोश्रींनी माती वाहिली, तो पुढे गाळाने भरला. गाव म्हणे, तलाव सरकारचा. कचेरी म्हणे, लाभ गावाचा. उभारताना सर्वांचे हात लागले; राखावयाच्या वेळी एकही हात पुढे आला नाही. विहिरी पुन्हा उन्हाळ्यात तळ दाखवू लागल्या.

राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. यंत्रे संस्थांची, इंधनाचा खर्च सरकारचा, आणि गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने आपल्या रानात न्यावयाचा, अशी तिची त्या वेळची घडण होती. यात प्रत्येकाचा वाटा आधीच ठरलेला होता, हे आम्हांस विशेष वाटते.

आपली ज्ञातिसंस्थाही वसतिगृहास, शाळेस, पाणवठ्यास साहाय्य करते. देणगीदाराच्या नावाची पाटी बसविण्यापूर्वी दहा वर्षांनी त्या वास्तूची झाडलोट व डागडुजी कोण करणार, हे इतिवृत्तात लिहून ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. सरकारने कर्तव्य टाळू नये, संस्थेने उपकाराची भाषा बोलू नये, आणि गावाने आपला हात आखडू नये. डोकीवरून माती वाहणाऱ्यांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.