समदृष्टि आणि विमानतळावरील झडती

कोल्हापुरानजीक उजळाईवाडीच्या माळावर छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, विमानतळ सुरू झाला. त्या वेळीं विमानानें जाणें ही मोजक्या धनिकांची चैन होती, आणि प्रवाशाच्या अंगाची झडती घेण्याची वहिवाट अद्यापि पडावयाची होती. मार्च २०२४ मध्यें तेथेंच नवी इमारत उघडली. आतां तेथून जाणारा प्रत्येक जण, मग तो व्यापारी असो, विद्यार्थी असो वा लेकीकडे निघालेली आजी असो, तपासणीच्या चौकटीपुढें उभा राहतो. या दोन काळांच्या दरम्यान झडतीची पद्धति कशी रूढ झाली, आणि अपंग प्रवाशाच्या वांट्यास तींतून काय आलें, याचा थोडा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

झडतीचा जन्म भयांतून झाला, आणि तें भय खोटें नव्हतें. सप्टेंबर १९७६ मध्यें दिल्लीहून निघालेलें विमान पळवून लाहोरास नेण्यांत आलें. तदनंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्यें नागरी विमानसुरक्षेचा विभाग निर्माण झाला. जून १९८५ मध्यें ‘कनिष्क’ विमानांत स्फोट होऊन ३२९ माणसें प्राणांस मुकलीं, व १९८७ सालीं त्या विभागास स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्यें कंदाहारचें प्रकरण घडलें, आणि पुढील वर्षापासून मोठमोठ्या विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊं लागला. प्रत्येक आपत्तीनें नियमांत भर घातली. त्या भरींत एक गृहीत मात्र न बोलतां शिरलें: प्रवासी दोन पायांवर उभा राहतो, हात पसरतो, आणि त्याच्या देहाशीं धातु जडलेला नसतो.

हें गृहीत किती जणांस लागू पडत नाहीं, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, निघालें. कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं स्वतः चाकाच्या खुर्चीवरून १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. अशा माणसाची खुर्ची, कॅलिपर किंवा कृत्रिम पाय चौकटीपाशीं येतांच यंत्र वाजतें. यंत्रास लबाडी आणि लोखंड यांतला भेद कळत नाहीं. आणि ज्यानें तो करावयाचा तो पहारेकरी ‘पाय काढा’ म्हणून मोकळा होतो. परंतु कृत्रिम पाय म्हणजे जोडा नव्हे. तो उतरवावयाचा तर कपडे सैल करावे लागतात, पट्टे सोडावे लागतात, आणि मनुष्य जें अंग जपून झांकतो तें परक्यांपुढें उघडें पडतें.

ऑक्टोबर २०२१ मध्यें मुंबईच्या नर्तकी व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनीं ही व्यथा जाहीरपणें मांडली. १९८१ सालच्या अपघातानंतर पाय गमावूनही त्यांनीं जयपूर पायावर पुन्हां नृत्य करून नांव मिळविलें. तरी प्रवासांत वारंवार तो पाय काढून दाखवावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. सुरक्षा दलानें दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षीं डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें जीजा घोष यांच्या प्रकरणांत, कृत्रिम अवयव काढावयास लावूं नये, मानवी प्रतिष्ठा राखावी, असें मत नमूद केलें. याच घोषबाईंस फेब्रुवारी २०१२ मध्यें, गोव्याच्या परिषदेस निघाल्या असतां, कलकत्त्यास विमानांतून उतरविण्यांत आलें होतें. २०१६ सालीं न्यायालयानें त्यांस दहा लाख रुपये भरपाई देवविली.

यावर कोणी म्हणेल कीं, नियम सर्वांस सारखा असावा. एकास सवलत दिली तर दुष्टांस तीच वाट सांपडेल. आक्षेप वजनदार आहे. परंतु समता म्हणजे एकाच मापाचें वस्त्र सर्वांस चढविणें नव्हे, हें निदान करवीरकरांस तरी ठाऊक असावें. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें शाहू महाराजांनीं नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखिल्या, तेव्हां हाच आक्षेप निघाला होता. येथें तर सवलतीचाही प्रश्न नाहीं. तपासणी व्हावी, पण ती प्रवाशाच्या संमतीनें, आडोशाच्या खोलींत, स्त्रीची स्त्रीनें अशी व्हावी. स्फोटकांचे अंश टिपणारें साधन अवयव न काढतांही वापरतां येतें. विमानाचें रक्षण आणि माणसाची लाज यांपैकीं एकाचीच निवड करण्याचा प्रसंग फार क्वचित् येतो.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. तथापि कायद्याची खरी परीक्षा चौकटीशेजारीं उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या हातीं होते. त्यास यंत्र चालविण्याचें शिक्षण जसें मिळतें, तसेंच समोरच्या माणसास आधीं विचारून मग हात लावण्याचेंही मिळालें पाहिजे. मुंबई-दिल्लीच्या मानानें आमच्या उजळाईवाडीस गर्दी थोडी. हा पाठ तेथें आधीं गिरविला जावा, ही अपेक्षा अवास्तव नाहीं.