कुलाब्याचा पारा, कांजूरचे आभाळ

डिसेंबर-जानेवारीत एखादा पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरकडे सरकू लागला, की कांजूरमार्गच्या दमट हवेत बसलेली आम्ही काही मंडळी तिकडच्या बर्फाचे हिशेब मांडू लागतो. हे ऐकून हसू येणे साहजिक आहे. येथे बर्फ दिसतो तो मासळीबाजारात, तोही भुशात गुंडाळलेला. पण या वेडामागे काही तर्क आहे. भूमध्य समुद्राकडून आलेला हा विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे गेला, की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान-गुजरात उतरून कोकणाच्या तोंडाशी येतात. समुद्रावरून येणारे खारे वारे त्या दिवसांत जरा नरमले, तर मुंबईला चार रात्री थंडी लाभते. म्हणजे गुलमर्गला बर्फ पडला, तर तीन-चार दिवसांनी भांडुप-कांजूरच्या माणसाने कपाटातला स्वेटर काढायचा. दहा दिवस आधी युरोपीय प्रारूप थंडीची लाट दाखवते आणि अमेरिकी प्रारूप दाखवत नाही. पाचव्या दिवशी दोघे जागा बदलतात. आदल्या दिवशी थंडी नाशिकपर्यंत येऊन तेथेच थांबते. या नादात वर्षे गेलेल्या माणसाला हवामानाचा कमी आणि आशेच्या स्वभावाचा अधिक परिचय होतो.

गंमत अशी, की या देशात पावसाच्या दीर्घकालीन अंदाजाचा आरंभच मुळी बर्फापासून झाला. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर दुष्काळ कोसळला. १८७६ ते १८७८ या काळातल्या त्या दुष्काळाने सोलापूर-विजापूरकडची गावे ओस पाडली, आणि पुढच्या पावसाविषयी आधी काही सांगता येईल काय, हा प्रश्न सरकारला टाळता येईनासा झाला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी उत्तर शोधले ते हिमालयात. हिवाळ्यात आणि वसंतात तेथे बर्फ अधिक साचला, तर येणारा पावसाळा दुबळा, असे अनुमान त्यांनी १८८४ साली मांडले आणि १८८६ च्या जूनमध्ये त्या आधारावर पहिला अधिकृत अंदाज प्रसिद्ध झाला. पुढे हे नाते डळमळीत ठरले. १९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी तर हिमालयावरून नजर उचलून थेट प्रशांत महासागराच्या दाबापर्यंत नेली. पण दूरच्या बर्फावरून आपल्या अंगणातले आभाळ वाचण्याची आमची खोड जवळपास दीडशे वर्षे जुनी आणि सरकारमान्य आहे, एवढे समाधान आम्हांस पुरते.

सरकारमान्य नसलेली परंपरा अर्थातच याहून जुनी. पंचांगातली नक्षत्रे आणि त्यांची वाहने (म्हैस आली की पाऊस, गाढव आले की ओढ), सहदेव-भाडळीची अनुमाने, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्यतृतीयेची घटमांडणी, ही सारी अंदाजाचीच शास्त्रे. ती खरी की खोटी, या वादात आम्ही शिरत नाही. त्यांतली एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे: ती सांगणारा आणि ऐकणारा एकाच शिवारात उभे असत. वेधशाळा आली तेव्हा हे बदलले.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली, ती आकाशातील ग्रहताऱ्यांसाठी आणि बंदरातल्या जहाजांच्या सोयीसाठी. हवामानाच्या शिस्तशीर नोंदी १८४१ पासूनच्या. या नोंदींत मराठी हातही होते. केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना आपण टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून ओळखतो, ते तरुण वयात याच वेधशाळेत सहायक होते. तासातासाला उठून पारा वाचायचा, वाऱ्याची दिशा पाहायची, आकडा वहीत उतरवायचा, हे काम कंटाळवाणे खरे. पण मराठी माणसाने आभाळाला आकड्यांत पकडण्याचा जो पहिला सराव केला, तो बहुधा येथलाच. छत्र्यांच्या नावावर लोक पंचांगशुद्धी सांगतात. आम्हांस त्यांची ती कुलाब्याची वही अधिक मोलाची वाटते.

त्या वहीत एक अडचण होती, जी पुढे शतकभर कोणाला जाणवली नाही. कुलाबा हे तीन बाजूंनी समुद्र असलेले टोक. तेथला आकडा ‘मुंबईचा’ म्हणून छापला जाई, आणि जोवर मुंबई म्हणजे कोट, गिरगाव, भायखळा, तोवर ते चालूनही गेले. पण शहर उत्तरेकडे पसरले. कांजूरमार्गला रेल्वे स्थानक झाले तेच १९६८ साली. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पवई-विहारच्या टेकड्या, आणि मोकळा समुद्र दूर पश्चिमेला, अशी ही जागा; तिचे हवामान कुलाब्याशी जुळावे कसे? २२ जानेवारी १९६२ च्या पहाटे सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला. हा आजही मुंबईचा नीचांक. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७. एकाच शहरात चार अंशांहून अधिक फरक! फेब्रुवारी २००८ मध्ये सांताक्रूझचा पारा पुन्हा १० अंशांच्या खाली गेला, तेव्हाही कुलाब्याकडच्या लोकांना आमच्या कुडकुडण्याचे कौतुकच वाटले.

थंडीच्या बाबतीत हा फरक विनोदाचा विषय होतो. पावसाच्या बाबतीत तसा राहत नाही. २६ जुलै २००५ च्या दुपारी उपनगरांवर जे कोसळले त्याची मोजणी सगळ्यांना पाठ आहे: चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर, विहार तलावावर हजाराच्याही वर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४. मंत्रालयाच्या खिडकीतून त्या दिवशी दिसले ते पावसाळ्यातले एक नेहमीचे आभाळ. इकडे विहार आणि पवईच्या सांडव्यांचे पाणी घेणारी मिठी फुगली, लोकल थांबल्या, आणि माणसे लालबहादूर शास्त्री मार्गावरून कंबरभर पाण्यात ठाण्याच्या दिशेने चालत राहिली. मुंबईत चारशेहून अधिक बळी गेले. शहराला तेव्हा डॉपलर रडार नव्हते. माधवराव चितळे समितीने पुढे कारणांची चिकित्सा केली. नाले, भराव, बांधकामे यांवर तिने लिहिले ते महत्त्वाचे आहेच. आमच्या मनात मात्र ते दोन आकडे शेजारी शेजारी राहिले. ९४४ आणि ७३. शहराचा पाऊस कोठे मोजायचा, हा प्रश्न तांत्रिक म्हणून वेधशाळेच्या आवारात पडून होता. त्या दिवशी तो कोणाच्या मरणाची दखल वेळेत घेतली जाते, असा झाला.

मुंबईतले हवामानवेड त्यानंतर वाढले, असे आमचे निरीक्षण आहे, आणि त्याचे कारण छंद नव्हे तर धास्ती. महापालिकेने अग्निशमन केंद्रे, विभाग कार्यालये अशा ठिकाणी स्वतःची स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. कुलाब्याला पुढे डॉपलर रडार आले. जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावलीला दुसरे. आज भांडुपच्या आणि विक्रोळीच्या पावसाचे आकडे वेगवेगळे मिळतात. पोरेसोरे रडारचे रंग वाचतात.

पण या वाचण्यात एक दोष शिरतो, त्याविषयी बोलले पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून मुंबई आदल्या रात्रीपासून जागी होती. टाळेबंदीचे दिवस, करायला दुसरे काही नाही, सगळ्यांचे डोळे त्या फिरत्या भोवऱ्यावर. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि मुंबईत थोडी झाडे पडण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. संध्याकाळी आमच्या मंडळींत जो सूर होता तो सुटकेचा नव्हता. खेळ रंगला नाही, असा होता. ‘हुकले’ हा शब्द आम्ही स्वतः ऐकला आहे. ते हुकले नव्हते. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, पलीकडे दापोली-मंडणगड येथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्याने आडव्या केल्या होत्या. पोफळीचे झाड पुन्हा फळाला यायला वर्षे लागतात. जो अंदाज आमच्यासाठी चुकला, तो तेथे शब्दशः खरा ठरला होता.

कांजूरच्या खाडीकाठाला असे बोलणारा माणूस पूर्वी सापडला नसता. मिठागरांच्या काळात येथे आभाळाकडे पाहणे हा पोटाचा भाग होता. पावसाळा सरल्यावर भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, उन्हावाऱ्यावर आटवायचे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत मीठ ओढून ढीग लावायचे. मध्ये एक अवकाळी सर आली की आठवड्यांची मेहनत विरघळून खाडीला परत जाई. त्या आगरी माणसाला ढग ‘सुंदर’ दिसला असेल, असे आम्हांस वाटत नाही. आता ती मिठागरे मेट्रोच्या कारशेडच्या वादामुळे वर्तमानपत्रांत येतात, मिठामुळे नव्हे.

आणि मापके वाढली म्हणून सगळे सुटले, असेही नाही. १७ जुलै २०२१ च्या रात्री जो पाऊस झाला, त्यात कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यात वाद नव्हता; दोन्हीकडे दोनशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक. रडार चालू होते, आकडे येत होते, आम्ही जागे होतो आणि पडद्यावरचा लाल पट्टा पुढे सरकताना पाहत होतो. पहाटेच्या आत चेंबूरला संरक्षक भिंत आणि कांजूरला लागून असलेल्या विक्रोळीत सूर्यनगरच्या उतारावरची घरे कोसळली. दोन्हीकडे मिळून वीसहून अधिक माणसे गेली. त्या उतारावर त्या रात्री पाऊस किती, हे आम्हांस तासातासाने कळत होते. घरांत झोपलेल्यांना ते कळवण्याची व्यवस्था कोठल्याही प्रारूपात नव्हती.